शेजारचे कुत्रे

आजचा विषय ऐकून तुम्हाला थोडं हसू येईल. कॉलेजातला मास्तर रेडिओवर बोलायला बसला म्हणजे तो काहीतरी भारदस्त सांगणार, अशी आपली समजूत असते. पण गेल्या वर्षी संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत ज्याने माझी झोप पार उडवून टाकली, त्याच्याविषयीच मी बोलणार आहे. तो प्राणी म्हणजे शेजारचं कुत्रं.

खेड्यातले श्रोते म्हणतील, यात बोलण्यासारखं ते काय? गावात एक कुत्रं भुंकलं की वेशीपर्यंतची सगळी त्याला साथ देतात आणि माणसं कूस बदलून झोपतात. अगदी खरं आहे. माझं स्वतःचं लहानपण नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात गेलं. माळेगावची खंडोबाची यात्रा आमच्यासाठी दिवाळीपेक्षा मोठी. घोडे, गाढवं, उंट यांच्या गर्दीत कुत्रीही यायची आणि आजही येतात. जिल्हा परिषद तिथे श्वानांचं प्रदर्शन भरवते, नंबर काढते. खंडोबाजवळ घोडा असतो तसं कुत्रंही असतं, आणि वर माहूरला गेलं तर दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला कुत्र्याच्या भुंकण्याचा त्रास व्हावा ही तशी लाजेचीच गोष्ट. परंतु झाला खरा.

आता मी लातुरात राहतो. आमच्या वसाहतीत तीस बाय चाळीसचे प्लॉट. एकाची मोरी वाजली तर दुसऱ्याला कळतं. माझ्या घराला लागून एक कुटुंब अहमदपूर तालुक्यातून राहायला आलं. मुलीला अकरावीला इथे घातलं म्हणून शेत तिकडे आणि बिऱ्हाड इकडे. लातूरच्या शिक्षणाची ख्याती तुम्हाला ठाऊक आहेच, अशी शेकडो कुटुंबं इथे आहेत. या मंडळींनी भांडीकुंडी आणली, धान्याची पोती आणली आणि कुत्रंही आणलं. त्याचं नाव वाघ्या. उंच पायांचं, बारीक कमरेचं. मालक मोठ्या अभिमानाने सांगत, “याची आई जानवळची हाय.” चाकूर तालुक्यातलं जानवळ शिकारी कुत्र्यांसाठी नावाजलेलं गाव आहे. आई जानवळची असेल. भुंकणं मात्र बापाकडून आलेलं असावं, कारण त्या जातीची कुत्री एरवी फारशी भुंकत नाहीत. हे पळायला जन्मलेलं जनावर त्यांनी जिन्याखाली चार फुटांच्या साखळीला बांधलं.

रात्री दहाला मांजर दिसलं की पहिली फेरी. मग दोन-अडीचला एक लांबलचक फेरी, तिला कारण काही दिसायचं नाही. आणि पहाटे पाचला दूधवाल्याची मोटारसायकल. मी पहिले काही दिवस खिडकीतून ‘हाड् हाड्’ करून ओरडत असे. त्यावर ते दुप्पट भुंकायचं. आपण ओरडलो म्हणजे कुत्र्याला आपले शब्द थोडेच कळतात! आणखी एक जण भुंकायला उठला, एवढंच त्याला कळत असणार.

माझी झोप गेली हे काही मोठं दुःख नव्हतं. समोरच्या घराच्या माडीवर बारावीची चार मुलं खोली करून राहत होती. परीक्षा तोंडावर आलेली. ती बिचारी कानात कापसाचे बोळे घालून अभ्यासाला बसत. आणि पलीकडच्या घरात एक आजी. त्या औसा तालुक्यातल्या, किल्लारीच्या भागातल्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गणपती बोळवलेले, माणसं दमून झोपलेली, आणि दगडमातीच्या जाड भिंती व माळवदं त्यांच्या अंगावर आली. आजींच्या घरातली किती माणसं त्यात गेली ते त्या सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. पण अपरात्री कुत्रं भुंकलं की त्या उठतात, दार उघडतात आणि अंगणात येऊन बसतात. जनावरांना भूकंप आधी कळतो, असं त्या भागातले पुष्कळ लोक मानतात. कुत्र्याच्या भुंकण्यावरून भूकंपाचं भाकीत करणं आजवर कुणाला साधलेलं नाही, हे मी त्यांना समजावून पाहिलं. त्या म्हणाल्या, “तुमचं खरं असंल सर. पर मला आत झोपवत नाही.” माघाच्या थंडीत सत्तरी ओलांडलेली बाई रात्री अडीचला अंगणात बसलेली पाहिली, तेव्हा मात्र मला त्या कुत्र्याचा खराखुरा राग आला.

गल्लीतल्या कट्ट्यावर चर्चा झाली. एकाने आवाज खाली करून म्हटलं, “भाकरीच्या तुकड्यात गोळी घातली की काम संपलं.” चारपाच जण हसले. मी काय केलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं खोटं होईल. मी नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणालो, “बघू.”

त्या रात्री कुत्रं भुंकलं नसतं तरी मला झोप आली नसती. आपल्या मराठवाड्यातल्या नामदेवांची गोष्ट मी मुलांना कितीदा सांगितली असेल! पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. आणि नामदेव शिकवणारा हा मास्तर ‘बघू’ म्हणून घरी आला.

दुसऱ्या दिवशी मी आधी त्या माणसाला गाठून सांगितलं, की असलं काही करायचं नाही. मग कायदा काय म्हणतो ते पाहिलं. १ जुलै २०२४ पासून जो भारतीय न्याय संहिता हा कायदा लागू झाला आहे, त्याच्या ३२५ व्या कलमाप्रमाणे जनावराला ठार मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाचं म्हणाल तर २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. परंतु हे नियम मुख्यतः भोंगे, फटाके, हॉर्न आणि यंत्रं डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. पोलिसांकडे तक्रार जरूर देता येते. कुत्र्याला समन्स बजावता येत नाही, एवढीच अडचण.

खरी गंमत मला १९६० च्या कायद्यात सापडली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा तो कायदा. त्याच्या ११ व्या कलमात क्रूरता कशाकशाला म्हणावं त्याची यादी आहे. मारणं, उपाशी ठेवणं हे तर आहेच. पण फार आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला हिंडवून आणण्यात मालकाने हयगय करणं, हीसुद्धा क्रूरताच म्हटली आहे. म्हणजे ज्याचा आम्हाला जाच होत होता, त्याचाच आधी जाच चालला होता. हे वाचल्यावर मी त्या भुंकण्याकडे कान देऊन ऐकू लागलो.

ऐकण्यासारखं असतं, श्रोतेहो. हंगेरीत बुडापेस्टच्या विद्यापीठात काही संशोधकांनी २००५ च्या सुमारास एक प्रयोग केला. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांचं भुंकणं त्यांनी निरनिराळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं. परका माणूस आला तेव्हाचं, झाडाला एकटं बांधून मालक निघून गेला तेव्हाचं, खेळतानाचं. मग ते माणसांना ऐकवलं. ज्यांनी जन्मात कुत्रं पाळलं नव्हतं त्यांनाही कोणतं भुंकणं कशासाठी, हे बऱ्यापैकी ओळखता आलं. खालच्या पट्टीतलं, घाईघाईचं भुंकणं रागाचं. वरच्या पट्टीतलं, थांबून थांबून केलेलं भुंकणं काकुळतीचं. आपल्या गुराख्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. शिकलेल्या माणसाला मात्र बुडापेस्टपर्यंत जावं लागतं!

मी आठ दिवस वही ठेवली. वेळ, किती मिनिटं, कसलं भुंकणं. दहाचं आणि पाचचं भुंकणं घाईचं, राखणीचं. आणि ते अडीचचं, ज्याने आजी उठत, ते बारीक, ओढलेलं. भुंकायचं, थांबायचं, कुणी येतं का ऐकायचं, पुन्हा भुंकायचं.

मग मी शेजाऱ्यांकडे गेलो. रात्री नाही, रागात नाही. संध्याकाळी, चहाच्या वेळेला. त्यांनी दारातच म्हटलं, “या सर. तुम्ही येणार हे मला ठावं होतं. सगळी गल्ली भांडून गेली, तुमचीच पाळी राहिली होती.”

मी म्हटलं, “भांडायला नाही आलो, भाऊ. इचारायला आलोय. ते रातभर कामून भुकूलालंय?”

माणूस खाली बसला. म्हणाला, “त्याचं कामच ते हाय की वो. चार वरीस आखाड्यावर होतं. रानडुकरं सोयाबीनात शिरली की हेच उठवायचं आम्हाला. तिथं भुकलं की भाकर मिळायची. हितं भुकलं की काठी मिळूलालीय. त्याला तरी काय कळावं?” थोड्या वेळाने म्हणाले, “गावाकडं ठेवावं तर भाकर कोण घालंल? म्हातारा वारला औंदा.” आतून वहिनी म्हणाल्या, “लोक बोलायलेत म्हणूनच आखूड बांधलं सर, नाहीतर मोकळंच होतं.” म्हणजे आम्हीच ओरडून ओरडून ती साखळी आखूड करवली होती.

पुढे जे केलं त्यात विशेष काही नाही. फाटकाला खालून पत्र्याचा तुकडा लावला, म्हणजे रस्त्यावरचं प्रत्येक मांजर त्याला दिसू नये. जिन्याखालून काढून मागच्या अंगणात आडवी तार ताणली आणि साखळीची कडी त्या तारेत अडकवली; आता त्याला वीस-बावीस फूट हिंडता येतं. माणसं झोपतात त्या खिडकीजवळ त्याचा गोणपाट टाकला. भाकरी संध्याकाळी लवकर न घालता झोपण्याआधी घालायची. भुंकताना कुणी काही द्यायचं नाही, मारायचंही नाही. गप्प बसलं की मालकाने जवळ जाऊन तुकडा द्यायचा. आणि रोज संध्याकाळी तासभर हिंडवून आणायचं. यात मोठी मदत झाली ती माडीवरच्या मुलांची. दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसलेल्या त्या पोरांना हे निमित्तच हवं होतं. त्यांनी पाळ्या लावल्या.

पहिल्या आठवड्यात भुंकणं वाढलं, हे सांगून ठेवतो. पूर्वी भुंकून जे मिळत होतं ते मिळेनासं झालं की जनावर आधी जास्त जोराने मागून पाहतं. बरेच लोक इथेच हात टेकतात. आम्हीही टेकले असते, पण मुलांना ते कुत्रं सोडवेना. तिसऱ्या आठवड्यात अडीचची फेरी जवळजवळ बंद पडली.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावंसं वाटतं. शाळेच्या आवारात कुत्रं आलं की पोरं दगड उचलतात. त्याऐवजी एखाद्या वर्गाला आठ दिवस वही ठेवायला लावा. कोणतं कुत्रं, केव्हा, कुणाकडे पाहून, कसं भुंकलं. खर्च काहीच नाही, आणि निरीक्षण म्हणजे काय ते मुलांना एका आठवड्यात कळेल. आणि जे शेतकरी मुलांसाठी शहरात बिऱ्हाड करणार आहेत त्यांनी निघण्याआधी कुत्र्याचा विचार करावा. आखाड्यावर कुणी विश्वासाने भाकरी घालणारं असेल तर ते तिथेच सुखी राहील. आणायचंच असेल तर रेबीजची लस टोचून आणा आणि आल्या दिवसापासून शेजाऱ्यांना त्याची ओळख करून द्या. आमच्या गल्लीत वाघ्याचं नाव आम्हाला दोन महिन्यांनी कळलं.

आजी अजूनही अधूनमधून उठतात. सवयच ती, इतक्या वर्षांची. पण हल्ली कधी रात्री वाघ्या भुंकला तर त्यांचा आवाज ऐकू येतो, “वाघ्या, काय झालं रे? निज आता.” आणि पुष्कळदा तो निजतो.

दूधवाल्याचं मात्र अद्याप जमलेलं नाही. पाचला त्याची मोटारसायकल वळणावर आली की वाघ्या भुंकणारच. आम्ही दूधवाल्याला म्हटलं, बाबा रे, गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करून चालत येत जा. तो म्हणाला, “सर, बंद केली की ती पुन्हा चालूच होत नाही.”