पोलादी साच्याचे आयुष्य



बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री ज्याने पाहिली आहे, त्याला वाळूचा साचा ठाऊक असतो. लोखंडाचा रस ओतावा, निवला की साचा फोडावा आणि पुढच्या नगासाठी वाळू पुन्हा ठोकून बसवावी. साचा मोडला म्हणून तेथे कोणी हळहळत नाही. डायकास्टिंगची गोष्ट निराळी. येथे साचा पोलादाचा, दोन भागांचा असतो. वितळलेला धातू मोठ्या दाबाने क्षणार्धात आत घुसतो, काही सेकंदांत घट्ट होतो. साचा उघडून नग बाहेर पडतो आणि लगेच पुन्हा मिटतो. हा साचा, कारखान्यातील मंडळींच्या भाषेत डाय, फार महाग असतो. तो किती नग देऊन निकामी होतो, यावर धंद्याचा सारा हिशेब अवलंबून असतो.

या कलेचा उगम छापखान्यात आहे. छपाईचे खिळे ओतणाऱ्या हातयंत्राला अमेरिकेत १८४९ साली पेटंट मिळाले. खिळ्यांचे शिसे बेताच्या उष्णतेलाच वितळते. साच्याला त्याचा फारसा जाच होत नाही. जस्ताची मिश्रणेही चारशे अंशांच्या आसपास ओतली जातात, म्हणून जस्ताच्या डायमधून कित्येक लाख नग निघू शकतात. ॲल्युमिनियम ओतायचे ते साडेसहाशे-सातशे अंश सेल्सियसला. तेथे एक लाख नग देणारी डाय चांगली म्हणावी. पितळेचा ताप तर याहूनही मोठा.

पण नुसत्या उष्णतेने डाय मरत नाही. ती मरते उष्णतेच्या येरझारांनी. तप्त रस लागताच पृष्ठभाग फुगू पाहतो, आतले थंड पोलाद त्याला आवरून धरते. नग निघाल्यावर पाण्यात मिसळलेले वंगण फवारले जाते. आता तोच पृष्ठभाग आकसू लागतो आणि ताणला जातो. हजारो वेळा असे झाले म्हणजे आटलेल्या तळ्याच्या गाळासारखी बारीक भेगांची जाळी पडते. त्या भेगांत धातू शिरतो आणि नगावर शिरा उमटतात.

या छळाला तोंड देणारे पोलाद विशेष प्रकारचे असते. एच-१३ या नावाच्या पोलादात सुमारे पाच टक्के क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असते. परंतु पोलाद उत्तम असले तरी त्याचे गुण उष्मोपचाराने प्रकट व्हायचे असतात. आपला लोहार विळ्याला पाणी देतो, तेच हे शास्त्र. डाय सुमारे १०३० अंशांपर्यंत तापवून निववतात. मग निदान दोनदा साडेपाचशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवून तिचा ठिसूळपणा उतरवतात.

खरी मेख त्या निववण्यात आहे. झपाट्याने निववावे तर डाय वाकण्याचे, क्वचित तडकण्याचे भय. सावकाश निववावे तर आकार जसाच्या तसा राहतो, गिऱ्हाईक खूश. पण पोलादाच्या कणांच्या सीमांवर कार्बाइडे साचतात आणि त्याचा चिवटपणा जातो. वाईट हे, की काठिण्य मोजले तर आकडा बरोबर येतो! रॉकवेलच्या सी मापावर ४४ ते ४८ हवे, तेवढे मिळते, आणि दोष आत लपून राहतो.

माझा एक जुना विद्यार्थी अशा कारखान्यात यंत्रावर काम करतो. काही हजार नगांतच त्याच्याकडची डाय कोपऱ्यातून आरपार चिरली आणि ठपका त्याच्यावर आला. यंत्राशी उभा असलेला माणूस समोर दिसतो, भट्टीतले थंड होणे कोणी पाहिलेले नसते. काठिण्याचा दाखला व्यवस्थित होता. मग एका जाणत्याने डायसोबतचा चाचणीचा तुकडा मोडायला लावला. तो काचेसारखा तुटला. म्हणून माझे म्हणणे असे, की भट्टीवाल्याकडून केवळ काठिण्याचा आकडा घेऊ नये. किती वेगाने निववले त्याचा आलेखही मागावा, आणि डायबरोबर भट्टीत ठेवलेला त्याच पोलादाचा तुकडा तपासून घ्यावा. यंत्रावरच्या कामगाराला त्याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही.

अर्थात यंत्रावरही जपायचे असते. सकाळी थंड डायमध्ये एकदम रस सोडणे म्हणजे तापल्या काचेवर पाणी ओतण्याची उलट तऱ्हा. आधी ती दोनशे अंशांच्या आसपास तापवून घ्यावी. घाईच्या पाळीत नेमके हेच टाळले जाते. विद्युत-ठिणगीने कोरलेल्या डायवर एक ठिसूळ पांढरा थर राहतो, तोही घासून काढला पाहिजे. शिवाय ठराविक नगांनंतर डाय उतरवून, शेवटच्या टेंपरिंगपेक्षा पंचवीस-तीस अंश कमी तापमानावर काही तास ठेवली, की साठलेला ताण बराच निघून जातो. त्यासाठी यंत्र दिवसभर रिकामे ठेवावे लागते, आणि मालकाची समजूत पटवणे हे पोलादाला पाणी देण्याहून अवघड काम आहे.