उसना पोशाख आणि मूळ धन्याचे नाव

मूल मोठे होऊन कर्त्या वयात पदार्पण करते, तो क्षण कोणत्याही समाजाने मुकाट्याने जाऊ दिलेला नाही. कोठे नवे नाव मिळते, कोठे मंत्र मिळतो, आणि बहुतेक ठिकाणी नवे वस्त्र अंगावर चढते. आपल्याकडे मुंजीत बटूला लंगोटी, दंड आणि यज्ञोपवीत देतात. प्राचीन जपानात ‘गेम्पुकु’ नावाच्या संस्कारात मुलगा बालवेष टाकून प्रौढाची वस्त्रे धारण करी व नवे नावही घेई. एका समाजाने ज्या वस्त्राला असा अर्थ दिला, ते दुसऱ्या समाजाने शोभेखातर अंगावर घ्यावे की न घ्यावे? एक पक्ष याला गुणग्राहकता म्हणतो, तर दुसरा पक्ष परस्वापहरण. जपानच्या किमोनोचा इतिहास पाहिला म्हणजे या वादावर बराच प्रकाश पडतो.

महायुद्धात होरपळलेल्या जपानात, सैतामा प्रांतातील वाराबी या गावी, १९४६ साली तरुणांना धीर देण्यासाठी एक उत्सव भरविण्यात आला. त्याच कल्पनेतून पुढे १९४८ च्या कायद्याने १५ जानेवारी हा ‘प्रौढत्वाचा दिवस’ म्हणून राष्ट्रीय सुटीचा ठरला; २००० सालापासून तो जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी येतो. २०२२ साली सज्ञानतेचे वय विसावरून अठरावर आले. तरीही बहुतेक नगरपालिका हा समारंभ विसाव्या वर्षीच करितात. त्या दिवशी तरुणी ‘फुरिसोदे’ परिधान करितात. हा अविवाहित तरुणीचा किमोनो होय. त्याच्या लोंबत्या बाह्या सुमारे एक मीटर लांब असतात, आणि कमरेचा ‘ओबी’ नावाचा पट्टा चार मीटरांहून अधिक भरतो. डावी बाजू उजवीवर आली पाहिजे असा दंडक आहे. कारण उलट रीत केवळ मृताच्या अंगावरील वस्त्राची. असा पोशाख एकटीने चढविणे कठीण, म्हणून जाणत्या बाईचे साहाय्य घ्यावे लागते.

या वस्त्रात किती जीव गुंतलेला असतो, हे २०१८ साली दिसून आले. त्या वर्षी समारंभाच्या दिवशीच योकोहामा येथील एका भाड्याने पोशाख देणाऱ्या पेढीने अकस्मात दारे लावून घेतली, आणि आगाऊ पैसे भरलेल्या कित्येक मुली पोशाखावाचून राहिल्या. त्या मुलींची हळहळ रेशमासाठी नव्हती. आयुष्यात एकदाच येणारी घटका हुकली, हे खरे दुःख होते.

परंतु हे वस्त्र तरी निव्वळ जपानचे आहे काय? किमोनोच्या ठेवणीवर प्राचीन चिनी पोशाखाची छाप आहे; गेम्पुकु संस्काराचे मूळही चीनमधील तशाच विधीत सापडते. जपानने ही उसनवारी लपविली नाही. किमोनोच्या कापडाला तेथे आजही ‘गोफुकु’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘वू देशाची वस्त्रे’ असा आहे. वू हे चीनमधील प्राचीन राज्य. ते कधीच लयाला गेले, पण त्याचे ऋण जपानी दुकानांच्या पाट्यांवर शिल्लक राहिले. घेणाऱ्याने घेतले, पुष्कळ शतके खपून त्याला स्वतःचे रूप दिले, आणि देणाऱ्याचे नावही राखले. उसनवारीची याहून चांगली रीत दाखविणे कठीण.

आता दुसरे उदाहरण पाहावे. अमेरिकेत बॉस्टन येथील ललितकला संग्रहालयात क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे १८७६ सालचे एक चित्र आहे. त्यात त्याची पत्नी भरजरी किमोनो घालून उभी आहे. २०१५ साली संग्रहालयाने तसाच एक किमोनो ठेवून, प्रेक्षकांनी तो घालून चित्रासमोर उभे राहावे, असे आमंत्रण दिले. काही आशियाई वंशाच्या अमेरिकनांनी याचा निषेध केला. उलटपक्षी काही जपानी स्त्रिया स्वतः किमोनो घालून संग्रहालयाच्या बाजूने उभ्या राहिल्या. तो किमोनोही जपानच्याच ‘एन्-एच्-के’ या नभोवाणी संस्थेने करविलेला होता. अखेर संग्रहालयाने वस्त्र अंगावर घालू देणे थांबविले आणि केवळ हाताळण्याची मोकळीक ठेविली.

यात कोणता पक्ष खरा? दोघांचेही आपापल्या जागी खरे होते. जपानात राहणाऱ्याला आपले वस्त्र परक्याने घातले तर भय वाटत नाही. गिऱ्हाइकांच्या अभावी खंगत चाललेल्या क्योटोच्या विणकरांना तर परक्यांचे कौतुक हवेच असते. पण अमेरिकेतील जपानी घराण्यांची आठवण निराळी आहे. १९४१ च्या डिसेंबरात युद्ध पेटताच अनेकांनी संशयाच्या भयाने किमोनो, पत्रे, बाहुल्या जाळल्या किंवा पुरल्या. तरीही १९४२ पासून सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत कोंडण्यात आले, आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. जे वस्त्र आजीने भयाने नाहीसे केले, तेच दुसऱ्याने घटकाभर गमतीसाठी पांघरलेले पाहून नातीच्या मनाला बोचावे, यात नवल नाही. तिचा रोष वस्त्र घालण्यापेक्षा त्यामागील विस्मृतीवर अधिक होता.

तिसरे उदाहरण सर्वांत उघड आहे. २०१९ साली किम कार्दाशियन या अमेरिकन बाईंनी अंतर्वस्त्रांच्या धंद्याला ‘किमोनो’ हे नाव देऊन ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याचा घाट घातला. तेव्हा क्योटोच्या महापौरांनी पत्र लिहून कळविले की, हे नाव किमोनोवर प्रेम करणाऱ्या सर्वांचे असून त्याची मक्तेदारी कोणी घेऊ नये. जगभर ओरड झाल्यावर ते नाव मागे घेण्यात आले. येथे किमोनो कोणी अंगावर घातलाच नव्हता. वस्त्र बाजूस ठेवून केवळ नाव उचलले होते.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील प्राडा या पेढीने मिलान येथे कोल्हापुरी वहाणांसारखी पादत्राणे मांडली, तेव्हा त्यांना नुसते ‘चामड्याचे सँडल’ म्हटले होते. वास्तविक २०१९ सालीच कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले होते. बोभाटा झाल्यावर पेढीने मूळ मान्य केले, आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. तेथे नाव उचलून वस्तू वगळली होती. येथे वस्तू उचलून नाव वगळले.

तेव्हा परक्याचे वस्त्र वापरण्यात मुळातच पाप आहे, असे म्हणता येत नाही. तसे म्हटल्यास जपानला किमोनो आणि जगाला कितीतरी सुंदर वस्तू टाकाव्या लागतील. पण ज्याचे घेतले त्याचे नाव सांगावे, त्या वस्त्राचा अर्थ व त्याबरोबर सोसलेले दुःख जाणून घ्यावे, आणि विणणाऱ्याच्या हाती त्याचा मोबदला पडू द्यावा, एवढे बंधन घेणाऱ्याने पाळलेच पाहिजे. विशेषतः जे वस्त्र एखाद्या तरुणीला ‘आजपासून तू मोठी झालीस’ असे सांगते, ते अंगावर घेणाऱ्या परक्यानेही तितकेच जबाबदारीने वागावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.