चटका बसण्याच्या आधी

श्रोतेहो, परीटाच्या हातातली निखाऱ्यांची इस्त्री तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ती कापडावरून सरसर फिरते तेव्हा कापड नीट होते. पण तीच इस्त्री एका जागी जरा जास्त वेळ टेकली, की कापड करपते. इस्त्री तीच, निखारे तेच. फरक पडला तो वेळेचा. लेसर किरणांनी डोळ्याची जी शस्त्रक्रिया करतात, तिचे मर्म एवढ्याशाच फरकात आहे.

डोळ्याच्या अगदी पुढे, घड्याळावरच्या काचेसारखा, एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. बाहेरून येणारा प्रकाश वळवून आत नेण्याचे बरेचसे काम हे पारपटलच करते. त्याचा बाक थोडा बदलला, की चष्म्याचा नंबर बदलतो. मग हा बाक हवा तसा तासून घेतला तर? कल्पना चांगली; पण तासताना तापवून चालत नाही. अंडे तव्यावर फोडले, की पिवळ्या बलकाभोवतीचा पाण्यासारखा भाग पाहता पाहता पांढरा होतो, आणि गार केला तरी पुन्हा स्वच्छ होत नाही. पारपटलाचेही तसेच आहे. ते भाजले, तर ज्या खिडकीतून जग पाहायचे, तीच धुरकट होऊन बसते.

आता उष्णतेचा एक स्वभाव पाहा. गुरुजी वर्गात एक जुना प्रयोग करून दाखवतात. लोखंडाच्या सळीला मेणाने टाचण्या चिकटवायच्या आणि एक टोक दिव्यावर धरायचे. टाचण्या एकदम पडत नाहीत. जवळची आधी पडते, मग दुसरी, मग तिसरी. म्हणजे उष्णता उडी मारत नाही. ती चालत जाते, आणि चालायला तिला वेळ लागतो. मग तिला चालायला वेळच दिला नाही तर?

या प्रश्नाच्या उत्तराशी आपल्याकडच्या एका माणसाचा संबंध आहे. डॉ. रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रास विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीच्या संशोधनशाळेत काम करू लागले. तिथे एक्सायमर नावाचा लेसर होता. त्याचे किरण अतिनील, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारे. १९८१ च्या नोव्हेंबरात तिकडचा एक मोठा सण झाला. त्या सणाला टर्की नावाचा कोंबड्याहून मोठा पक्षी शिजवतात. श्रीनिवासन यांनी घरी उरलेला त्याचा तुकडा दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर हे किरण सोडले. तुकड्यात एक स्वच्छ चर पडला. ताशीव दगडासारख्या कडा, कुठे करपल्याची खूण नाही. हिरव्या प्रकाशाच्या लेसरनेही चर पाडून पाहिला. तिथे मात्र कडा भाजल्या. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे या कामातले सहकारी होते.

असे का झाले? कारणे दोन. पहिले असे, की हे अतिनील किरण खोल शिरत नाहीत. वरच्या अतिशय पातळ थरातच ते मुरतात आणि त्या थरातल्या रेणूंचे बंध तोडतात. दुसरे कारण वेळेचे. हा लेसर एकसारखा जळत नाही, ठोके देतो. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा. त्यातले दहा-वीस भाग, एवढाच एक ठोका टिकतो. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. पण असल्या दहा भागांत तोसुद्धा फक्त तीन मीटर जातो, फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत म्हणा ना! एवढ्या वेळात उष्णता शेजारी पोचणार कशी? ती निघण्याच्या आधीच तो थर उडून जातो आणि जाताना आपली बरीचशी उष्णता बरोबर नेतो. एका ठोक्यात पारपटलाचा जो थर निघतो, तो मिलिमीटरच्या सुमारे चार हजाराव्या भागाएवढा असतो.

१९८३ मध्ये न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य डॉ. स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर पारपटलावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. चष्म्याच्या नंबरासाठी हा लेसर वापरायला अमेरिकेत १९९५ साली सरकारी परवानगी मिळाली.

पण ठोका आखूड केला म्हणजे काम संपले, असे नाही. दोन ठोक्यांमधली विश्रांतीही सांभाळावी लागते. घरातल्या बाईला हे सांगायला नको. भाकरीमागून भाकरी टाकत गेले, जाळ मागे ओढला नाही, तर तवा तापत जातो आणि शेवटची भाकरी करपते. काही यंत्रे सेकंदाला पाचशे ठोके देतात. प्रत्येक ठोक्यामागे थोडीशी ऊब उरतेच. लागोपाठचे ठोके एकाच जागी पडले, तर ती साठत जाईल. म्हणून यंत्र एक ठोका इथे, तर दुसरा जरा दूर, असा क्रम लावते आणि पहिली जागा निवल्यावरच तिच्याकडे परत येते.

कधी कधी मात्र उष्णता मुद्दाम हवी असते. मधुमेहात डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलाचे रक्ताभिसरण बिघडते आणि तिथे नको त्या नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. त्या थोपवण्यासाठी डॉक्टर लेसरने दृष्टिपटलावर बारीक डाग देतात. तिथला एकेक ठोका सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा दहाव्या भागाइतका लांब ठेवतात, म्हणजे हवा तेवढाच भाग भाजतो. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी नीट दिसत असले तरी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे. वेळ डॉक्टरांनी सांभाळायची, तशी आपणही सांभाळायची.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. जत्रेत, बाजारात लेसरच्या बॅटऱ्या खेळणी म्हणून विकायला येतात. त्यांचा झोत बटण दाबले आहे तोवर चालूच राहतो. वेळ मोजणारे कोणी नाही, थांबवणारे कोणी नाही. आणि डोळ्यातले भिंग तो झोत दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करते. आपली पापणी मिटायला सुमारे पाव सेकंद लागतो. झोत जोरदार असेल, तर तेवढ्यात दृष्टिपटल भाजून होते, आणि भाजलेले दृष्टिपटल पुन्हा उगवत नाही. तेव्हा मुलांना सांगा, हे खेळणे कोणाच्या डोळ्यावर रोखू नका आणि स्वतःही त्यात पाहू नका. जो किरण मोजून दिला तर नजर सुधारतो, तोच न मोजता डोळ्यात शिरला तर नजर घेऊन जातो.