मिठापूरची पोवळी आणि कंपनीचा पैसा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



द्वारकेचे दर्शन घेऊन आपण ओख्याला जातो तेव्हा वाटेत मिठापूर लागते. तिथे टाटा केमिकल्सचा कारखाना दिसतो, पण जवळच्या समुद्रात पोवळ्यांचे खडक आहेत हे फार थोड्यांना माहीत असते. प्रवाळ म्हणजे चुन्याचे घर बांधून राहणाऱ्या इवल्या जिवांची वसाहत. कच्छच्या आखातात एके काळी सिमेंटसाठी प्रवाळाची वाळू उपसली जाई. गाळ आणि वाढते तापमान हे त्रास आजही आहेतच.

२००८ साली टाटा केमिकल्स, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि गुजरात वनखाते यांनी मिळून इथे प्रवाळांचे काम सुरू केले. आखातातून नाहीशी झालेली फांद्यांची पोवळी हजार किलोमीटरहून दूर असलेल्या लक्षद्वीपहून आणून लावण्याचा प्रयत्नही झाला.

मला स्वतःला जास्त रस आहे तो जानेवारी २०२० मधल्या प्रयोगात. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाने वनखात्याबरोबर मिठापूरजवळ ‘बायोरॉक’ बसवले. लोखंडी सांगाडा समुद्रतळाशी ठेवायचा आणि वर तरंगणाऱ्या सोलर पॅनेलमधून त्याला अगदी कमी दाबाची वीज द्यायची. सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो, म्हणून तो गंजत नाही. उलट पाण्यातला चुना त्यावर जमत जातो आणि त्यावर बांधलेले प्रवाळाचे तुकडे धरतात. पाइपलाइन गंजू नये म्हणून आम्ही हेच तत्त्व वापरतो! आयुष्यभर खाऱ्या हवेतल्या लोखंडाशी भांडणाऱ्याला याचे अप्रूप वाटणारच.

आता पैशाचे बोलू. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि पर्यावरण त्यात बसते. कारखान्याने किनाऱ्यासाठी पैसे द्यावेत, यात मला काही वावगे वाटत नाही. मात्र किती पोवळी जगली याची मोजणी पैसे देणाऱ्याने करू नये. पुलाचे काम करणारा ठेकेदारच तपासणीचा दाखला देऊ लागला तर त्या पुलावरून गाडी कोण नेईल? शिवाय प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटिमीटर वाढते. तीन वर्षांचा करार त्याच्या गावीही नसतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा केली. उष्णतेने पोवळी पांढरी पडतात, तिथे लावणीचा हिशेब एका उन्हाळ्यात फिरू शकतो.

पर्यटनातही तेच. नरारा बेटावर ओहोटीला चालत जाऊन पोवळी पाहता येतात. आपल्या मंडळाच्या सहलीला ती उत्तम जागा आहे. पण पाय वाळूवर ठेवायचा, खडकावर नाही. वाटाड्याने फोटोसाठी ऑक्टोपस उचलून हातात दिला तर घेऊ नका. त्याची मजुरी मात्र हात आखडता न घेता द्या, कारण ती पोवळी उद्या तिथे असण्यात सर्वांत थेट फायदा त्याचाच आहे. मालवणला स्नॉर्कलिंगला जाणाऱ्यांनीही नावाडी नांगर कुठे टाकतो ते पाहावे आणि खडकावर टाकत असेल तर तिथल्या तिथे सांगावे.