भिवंडीचे माग आणि मार्क्सच्या पायऱ्या

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. त्याच वर्षी लंडनमध्ये राहणारा कार्ल मार्क्स ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये हिंदुस्थानावर लेख लिहीत होता. इंग्रजांनी इथला हातमाग मोडला, असं त्यानं जूनमध्ये लिहिलं आणि ऑगस्टमध्ये सांगितलं, की याच रेल्वेतून इथं आधुनिक कारखानदारी उभी राहील. १८५६ मध्ये ताडदेवला कापडगिरणी सुरूही झाली.

पण मोडलेले विणकर संपले नाहीत. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडचे मोमीन विणकर दक्षिणेला निघाले. त्यातले काही मालेगावला थांबले, काही भिवंडीला. त्यांचे हातमाग पुढे कित्येक वर्षं चालले, आणि १९३० नंतरच्या काळात त्यांच्या जागी विजेचे माग येऊ लागले.

समाजाच्या वाटचालीतले आशियाई, प्राचीन, सरंजामी आणि भांडवली असे टप्पे मार्क्सनं १८५९ मध्ये ढोबळपणे मांडले होते. अनुयायांनी त्यांच्या पक्क्या पायऱ्या केल्या: आदिम साम्यवाद, गुलामगिरी, सरंजामशाही, भांडवलशाही, समाजवाद. कम्युनिस्ट नेते कॉम्रेड डांगे यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात प्राचीन भारत या पायऱ्यांवर बसवला, तेव्हा त्यावर कडाडून टीका केली ती इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. ते स्वतः मार्क्सवादीच होते. कार्ले, जुन्नर, पुण्याभोवतीची गावं पायी हिंडून त्यांनी दाखवलं, की आपल्याकडे जुनी समाजरचना पुसली जात नाही, नवीच्या शेजारी नांदत राहते. मला कोसंबींचं म्हणणं पटतं, आणि भिवंडी पाहिली की अधिकच पटतं.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. कापडाची मागणी मात्र होतीच, आणि ते काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलं. संपाआधीही ते तिकडे सरकतच होतं. पायऱ्यांच्या हिशोबानं मोठ्या कारखान्यानं लहान धंदा गिळायला हवा होता. इथं मोठी गिरणी फुटली आणि तिचं काम चार-आठ-बारा मागांच्या शेडमध्ये विखुरलं. याचं कारण उघड आहे. १९४८ चा कारखाना कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून लागू होत असे. त्याहून लहान शेडमध्ये बारा तासांची पाळी, विणलेल्या कापडावर मीटरप्रमाणे मजुरी आणि प्रॉव्हिडंट फंडाचा पत्ता नाही, असा कारभार सहज चालतो.

‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात याबद्दल फार महत्त्वाची पानं आहेत. भांडवलशाही दोन वाटांनी येते, असं मार्क्स तिथं म्हणतो. एका वाटेनं उत्पादकच व्यापारी आणि भांडवलदार होतो. दुसरीत व्यापारी उत्पादनावर ताबा मिळवतो, कामाची जुनी पद्धत तशीच ठेवतो आणि राबणाऱ्यांची अवस्था आणखी वाईट करतो. ही दुसरी वाट म्हणजे भिवंडीचा जॉबधंदा. सूत व्यापाऱ्याचं, तयार कापडही त्याचंच. मागमालकाला फक्त विणाईचा दर मिळतो. माग विजेचा असला तरी नातं जुनंच. पायऱ्या घोकणाऱ्यांनी ही पानं वाचली असती, तर भिवंडीला मागासलेली ठरवून ते मोकळे झाले नसते. खुद्द मार्क्सनं १८८१ मध्ये रशियन क्रांतिकारक व्हेरा झासुलिचला कळवलं होतं, की आपण दाखवलेली अटळ वाटचाल पश्चिम युरोपापुरती आहे.

भिवंडीत आज उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार माग चालवतात. गिरणी कामगाराला मालक कोण ते ठाऊक होतं. गिरणीच्या फाटकावर सभा घेता येत होती. इथं मजुरी वाढवून मागावी, तर मागमालक विणाईचा दर दाखवतो. तो दर ठरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या पेढीवर मात्र या कामगाराचं नावसुद्धा नोंदलेलं नसतं.