मुनेरबीचा मुलगा

दुपारची भांडी आवरली असतील आणि नळाला पाणी यायला अवकाश असेल, तर जरा बसा. आज एका शाहिराबद्दल बोलायचंय. शाहीर अमर शेख. पण आधी त्यांच्या आईबद्दल सांगते, कारण शाहिराला गाणं मिळालं ते आईकडून.

सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. तिथे २० ऑक्टोबर १९१६ रोजी मुनेरबीच्या पोटी मुलगा झाला. नाव ठेवलं मेहबूब. मेहबूब हुसेन पटेल. घरची गरिबी. मुनेरबीला ओव्या येत, लोकगीतं येत, आणि तीही मराठीत. आपल्यातल्या काहीजणींना याचं नवल वाटेल. वाटू नये. ज्या गावात जातं एक आणि विहीर एक, तिथे ओवीही एकच असते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत मुसलमान बायकांनी म्हटलेल्या मराठी ओव्याही आहेत.

मेहबूबला शाळा फारशी लाभली नाही. गिरणीत काम केलं, मोटारीवर क्लीनर म्हणून राबला. कामगारांच्या लढ्यात उतरला, तुरुंगही पाहिला. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत असताना त्याचं नाव पडलं अमर शेख. तेच कायम राहिलं.

मुंबईत १९४४ साली तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक उभं केलं. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर. अण्णा भाऊ म्हणजे आपले शेजारीच म्हणा ना. घाटकोपरच्या चिरागनगरात त्यांनी कितीतरी वर्षं काढली. इथून रिक्षा केली तर अर्ध्या तासाचा रस्ता. गिरणगावातल्या चाळींपुढे, मैदानात, रस्त्याच्या कडेला ही मंडळी गायची. हातात डफ, गळ्यात पहाडी आवाज. त्या आवाजाला मोठं मैदानसुद्धा पुरत नसे, असं ज्यांनी ऐकलं ते सांगायचे.

अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड तुम्ही ऐकली असेल. ती लिहिली अण्णा भाऊंनी, पण घराघरांत पोचवली अमर शेखांच्या गळ्याने. पोटासाठी गडी मुंबईला आला आणि बायको गावी राहिली, त्याची ती तगमग. फुलेनगरच्या डोंगरावर अशा कितीजणी आहेत, ज्यांचा नवरा आधी आला आणि त्या पाच-सात वर्षांनी, भांड्यांचं गाठोडं घेऊन, मागून आल्या! म्हणून ते गाणं आपल्याला इतकं आतून कळतं. त्या गाण्यातली मैना पुढे पुढे नुसती बायको राहत नाही. महाराष्ट्रापासून तुटून राहिलेला मराठी मुलूख होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे गाणं सभेसभेला व्हायचं. आधी अमर शेख गाणार, मग पुढाऱ्यांची भाषणं. माझं मत विचाराल तर बरेच लोक गाण्यासाठीच यायचे आणि भाषणं आपोआप ऐकून जायचे.

१ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. मराठी राज्य मागणाऱ्या गर्दीचा आवाज होता बार्शीच्या एका मुसलमान बाईच्या मुलाचा. आपल्या वस्तीत कोण मराठी आणि कोण नाही यावर नळावर वाद निघतो ना, तेव्हा मला हमखास मुनेरबी आठवते. गोवा मुक्तीसाठीही ते असेच गात फिरले. आचार्य अत्रे त्यांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हणायचे. मायकोव्हस्की हा रशियातला क्रांतीचा कवी.

अत्र्यांनी कवी म्हटलं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो गायक. याची मला चुटपुट लागते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह. ‘अमरगीत’ हा गीतांचा संग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक. ‘प्रपंच’ सिनेमात कामही केलं. दुसऱ्याचं गाणं त्यांनी इतक्या जीव लावून गायलं की स्वतःच्या कविता मागे पडल्या. हे आपल्याला काही नवीन नाही म्हणा. ज्याच्या-त्याच्या लग्नात पुढे होऊन गाणारी बाई असते, तिची स्वतःची ओवी कोणी विचारत नाही.

१८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले. त्यानंतर बेचाळीसच दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. वय अवघं बावन्न. आज मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे.

ते गेले तेव्हा त्यांची मुलगी मलिका बारा वर्षांची होती. पुढे ती कवयित्री झाली, कवी नामदेव ढसाळांशी लग्न केलं. १९८४ साली तिचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मचरित्र आलं. चळवळीतल्या मोठ्या माणसाच्या घरात बाईच्या वाट्याला काय येतं, ते तिने कोणाची भीड न ठेवता लिहिलं. वाचताना आपण मधेच पुस्तक खाली ठेवतो आणि पुन्हा उचलतो. आजीने जात्याशी म्हटलं, बापाने मैदानात गायलं, नातीने स्वतःच्या नावानिशी छापलं. मुनेरबीच्या ओव्या मात्र आज कुठे मिळायच्या? मी बरीच विचारपूस केली. हाती काही लागलं नाही.

म्हणून आपल्या केंद्रावर येत्या महिन्यापासून दर बुधवारी दुपारी तीनला ओव्या रेकॉर्ड करायचं ठरवलंय. घरात सासू असेल, आजी असेल, शेजारच्या खालाजान असतील, त्यांना घेऊन या. पायऱ्या चढवत नसतील तर आम्ही मशीन घेऊन घरी येऊ. शब्द विसरले असतील तरी चालेल, नुसती चाल गुणगुणली तरी पुरे. मात्र म्हणणारीने आधी स्वतःचं नाव सांगायचं, पूर्ण, आणि माहेरच्या गावाचंही.