आजीची वजरी

आमच्या पेठेत दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी जमतात. मंडळाला ना घटना, ना अध्यक्ष. नियम एकच. घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि ती कोण, कशी वापरीत असे ते सांगायचे. नुसती वस्तू आणली तर चहा नाही!

तुम्ही म्हणाल, कलेचा इतिहास पाहायचा तर अजिंठा-वेरूळला जावे; अडकित्त्यात काय आहे? वर्गात मीही वर्षानुवर्षे अशाच थाटात बोलत आलो. पण परवा एका आजींनी पितळी अडकित्ता आणला. त्यावर स्त्री-पुरुषाची जोडी. पुरुषाच्या मिशा शाबूत, बाईचे नाकडोळे मात्र झिजून सपाट झालेले. आजी म्हणाल्या, "सासूबाईंना दुपारची झोप नसे हो. सुपारी कातरीत बसायच्या. अंगठा तिथंच यायचा." कुठल्या ग्रंथात ही टीप सापडेल?

एकदा तांब्याचा हंडा आला. त्याच्या अंगावरचे मठाराचे ठोके आम्ही नक्षी म्हणून वाखाणीत होतो. कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी केली तेव्हा उलगडले, की ठोक्यांनी तांबे कठीण होते, पातळ पत्र्याला चेपही सहज पडत नाही. शोभा मागाहून!

तेव्हा माळ्यावरची वस्तू काढाल तर चिंच लावून लख्ख करू नका. काजळी आणि झीज तशीच असू द्या. काठावर नाव आणि साल घातले आहे का पाहा. आणि आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

हे मी सांगतो आहे, पण घर बदलताना आजीची वजरी मीच मोडीत घातली. मोराची होती. पाय घासताना आतले खडे वाजत. डाव-पळ्यांबरोबर तीही तागडीत गेली. पुढे दिनकर केळकरांच्या संग्रहालयात गेलो. अकाली गेलेल्या राजाच्या, आपल्या मुलाच्या, नावाने उभारलेला हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तिथे वजऱ्या आहेत, सुरेख आहेत. पण काचेआडून खडे वाजत नाहीत.

पुढच्या रविवारी मी रिकाम्या हातांनी गेलो आणि नुसते सांगितले. अडकित्त्याच्या आजींनी कप पुढे सरकवला.